नीट करून घेतलेली जबानी

५ फेब्रुवारी

ही वही मी स्वतःच्या हौसेने लिहीत नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. आज आमच्या न्यायालयात नवा 'साक्षीदार कक्ष' सुरू झाला आणि त्याबरोबर प्रशिक्षणही. छळ सोसलेल्या माणसांशी न्यायालयात कसं वागावं, हे शिकवायला एक समुपदेशक आल्या आहेत. त्यांचं वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. बोलतात इतक्या हळू, की त्यांचं एक वाक्य लघुलिपीत घेऊन मधल्या वेळात मी चहा पिऊन येईन. मी त्यांचं नाव हळूबाई ठेवलंय. हळूबाई म्हणाल्या, कक्षात काम करणाऱ्या प्रत्येकाने दैनंदिनी लिहायची. दुसऱ्यांचं दुःख ऐकून आपल्या मनात साचतं, त्याचा निचरा होतो. निचरा! हा शब्द मी आजवर फक्त मोरीसाठी ऐकला होता.

एकतीस वर्षं मी इथे लघुलेखिका आहे. खून, दरोडे, भाऊबंदकी, सगळं या दहा बोटांतून गेलंय. माझ्यात काही साचत असतं तर एव्हाना इमारत वाहून गेली असती. तरी साहेबांनी माझी नेमणूक 'साक्षीदार सोबती' म्हणून केली. आमचे साहेब प्रत्येक गोष्टीला 'हं' म्हणतात. मी नकार दिला, ते 'हं' म्हणाले आणि दुपारी आदेश निघाला.

कक्ष म्हणजे जुन्या फायलींची कोठी. फायली हलवल्या आणि भिंतींना फिकट निळा रंग दिला, कारण निळ्याने मन शांत होतं असं कुठल्याशा परिपत्रकात आहे. सोफा, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर समुद्राचं चित्र. खिडकी नाही. कोठीला कशाला असेल? साहेबांनी फीत कापली, आतल्या समुद्राकडे बघून 'हं' म्हणाले आणि गेले.

६ फेब्रुवारी

हळूबाईंचं आजचं प्रवचन: ज्याच्यावर अत्याचार झालाय त्याला सगळं सरळ क्रमाने आठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एखादा वास, एखादा आवाज लख्ख आठवतो आणि वार आठवत नाही. म्हणून तो खोटं बोलतोय असं समजू नये. मी हात वर केला. "मग खोटं बोलणारा ओळखायचा कसा? सगळं क्रमाने सांगतो तो का?" मागच्या बाकावरचे शिपाई हसले.

"कधी कधी, हो," हळूबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

आता माझं ऐका, वहीबाई. साक्षीदार बोलतो तो नुसता कच्चा माल. त्यातून निवडून, पुसून, क्रम लावून मी कागदावर आणते. कुठल्याच साहेबांना माझ्या पानावर कधी तांबडी शाई वापरावी लागली नाही. मागच्या वर्षीचंच घ्या. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईची जबानी होती, नवऱ्याने कोंडून मारल्याची. बाई दीड तास बोलली आणि दीड तासात तेच ते. आधी कुलूप, मग मार, मग मुलीची शाळा, मग पुन्हा कुलूप. तेव्हाच्या साहेबांना गाडी गाठायची होती. म्हणाले, "बाई, तुम्हीच नीट करून घ्या." मी नीट केली. दीड तासाची तीन पानं, शाळेच्या पुस्तकात घालावीत अशी. बाईला वाचून दाखवली, तिने मान हलवली, सही केली. दहा मिनिटांत काम. हळूबाई असत्या तर अजून पहिल्याच वाक्यावर असतो आम्ही.

१७ फेब्रुवारी

कक्षाची पहिली पाहुणी आली, आणि ती नेमकी तीच, चष्मेवाली. पुढच्या महिन्यात तिची साक्ष आहे. पस्तिशीची असेल. दिवसभर लोकांच्या चष्म्यांना भिंगं बसवते. बोलताना डोळ्यांत बघत नाही, समोरच्याच्या चष्म्याची दांडी वाकडी आहे का तेवढंच बघते. माझी आहे.

दारापर्यंत आली आणि थांबली.

"आत बसा ना, सोफा नवा आहे."

"इथेच बरी आहे मी."

"अहो, तुमच्यासाठीच केलाय हा कक्ष. अगदी सुरक्षित."

ती दाराकडे बघत होती. मीही बघितलं. दाराला कडी, आणि कडी बाहेरून. फायली काही आतून कडी लावत नाहीत. तिला नवऱ्याने घरातल्या अडगळीच्या खोलीत कोंडलं होतं. खिडकी नाही, कडी बाहेरून. हे वाक्य मीच टंकलं होतं. या कक्षासाठी समितीच्या अकरा बैठका झाल्या म्हणे, आणि अकरा बैठकांत एकाही शहाण्याला कडी दिसली नाही. मलाही दिसली नव्हती, पण मी समितीत नव्हते.

दोन तास ती बोळात उभी राहिली. मग मीही राहिले, एकटीने सोफ्यावर बसून करायचं काय?

१८ फेब्रुवारी

कडी काढायची तर सुतार हवा, सुतार हवा तर मागणीपत्र तीन प्रतींत, आणि मंजुरी यायला दोन महिने. सकाळी यांचा स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकून नेला. चार स्क्रू, त्यातला एक गंजलेला. कडी आता माझ्या खणात आहे. तिच्यासाठी वगैरे काही केलेलं नाही. कडीत बाही अडकते, म्हणून काढली.

२ मार्च

हळूबाईंचा नवा उपक्रम: साक्षीच्या आधी साक्षीदाराला रिकामं न्यायालय दाखवायचं. चष्मेवालीला घेऊन गेले. तिने प्रश्न विचारून भंडावलं. तो कुठे बसणार? तुम्ही माझ्यापुढे लावणार त्या पडद्यातून मी त्याला दिसेन का? पाणी मागितलं तर चालेल? मध्येच बाहेर जावंसं वाटलं तर? हे कुणी मला कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला माहीत नव्हती. मी शिपायाला विचारून आले.

नवरा जामिनावर आहे. दोन गल्ल्या पलीकडे भावाकडे राहतो. शेजाऱ्यांना सांगत फिरतो, की निकाल लागला की मी घरी येणार आणि पोरीला त्या शाळेतून काढणार. पोरगी आठ वर्षांची. विजेचं बिल जास्त आलं म्हणून सांगावं तशा सुरात चष्मेवालीने मला हे सांगितलं.

"आणि मला काही आठवलंच नाही तर?"

"घाबरता कशाला? तुमची जबानी इतकी सरळ आहे. तीच वाचून या. मी स्वतः घेतलीय."

"वाचली मी," ती म्हणाली. "छान आहे. दुसऱ्या कुणाचीतरी वाटते."

इतकं मोकळं कौतुक माझं कुठल्या साहेबांनीही केलं नव्हतं.

९ मार्च

साक्ष झाली. झाली म्हणजे काय, धिंडवडे निघाले.

नवऱ्याचे वकील मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि मगच बोलायला लागतात. समोरच्याला वाटावं की आपला वेळ संपत आलाय. मी पडद्याआड चष्मेवालीच्या शेजारी बसले होते.

"तुम्हाला किती वेळा कोंडलं?"

"दोनदा."

"जबानीत एकदाच आहे. सही तुमचीच ना?"

"माझीच."

"वाचून दाखवली होती?"

"हो."

"मग ही दुसरी वेळ कधी सुचली? काल, की आज सकाळी?"

तिने पाण्याचा ग्लास जवळ ओढला. मग म्हणाली, "दुसऱ्या वेळी बाहेर शाळेच्या बसचा भोंगा वाजत होता. पोरीला बसमध्ये कुणी बसवलं, ते मला आतून कळत नव्हतं."

"मी भोंगा विचारला नाही, बाई. तारीख विचारली."

दुसरी वेळच मोठी. तीन दिवस. डॉक्टरचा दाखला त्या तीन दिवसांनंतरचा आहे, आणि जबानीतल्या एकाच वेळेशी त्याची तारीख जुळत नाही. वकील म्हणाले, म्हणजे बाई कुठेतरी पडल्या असतील आणि दाखला इथे चिकटवला. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. पडद्यापलीकडून नवऱ्याच्या खाकरण्याचा आवाज आला आणि तिने माझ्या खुर्चीचा हात घट्ट धरला.

मला संताप आला, तिचाच. एवढी नीट जबानी हातात दिली होती, आणि हिने तिची माती केली.

१० मार्च

आज यांचे मित्र आले होते. त्यांना यांनी स्कूटरवरून पडल्याची गोष्ट ऐकवली, सहाव्यांदा. गेल्या महिन्यात कुत्रा डावीकडून आला होता, आज उजवीकडून आला. मागच्या वेळी आधी हेल्मेट उडालं होतं, आज आधी चप्पल. मी म्हटलं, "एकदा काय ते ठरवा."

"अगं, पडलो की नाही मी? गुडघा बघ!"

मित्र हसले. मला जेवण गेलं नाही. पित्त झालं असावं.

११ मार्च

माझंच बरोबर आहे हे बघायला सकाळी आल्याआल्या कपाट उघडलं. जबानी घेताना मी आधी लघुलिपीत उतरवते आणि मग टंकते. नियमाप्रमाणे त्या वह्या वर्षभराने नष्ट करायच्या असतात. मी करत नाही. माझ्या खुणा माझ्याशिवाय कुणाला लागत नाहीत, त्यामुळे कुणाची हरकतही नाही.

पान चार: दुपारी कोंडलं, संध्याकाळी सोडलं. पुढे शाळा, मार, सासूचा फोन. पान नऊ: परत कोंडलं. तीन दिवस. बसचा भोंगा.

पान नऊवर मी तिरकी रेघ मारलीय, आणि समासात माझी खूण आहे: पुनरुक्ती.

मला वाटलं होतं, ती तेच परत सांगतेय. तेच परत झालं होतं. तीन दिवस एका रेघेत मी पुसले, वर 'मूळ बोलण्याबरहुकूम' असा शिक्का मारून सही केली आणि चहाला गेले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. कपाट बंद करून मी कितीतरी वेळ स्टुलावर बसून राहिले.

१२ मार्च

हळूबाईंना सांगितलं. म्हटलं, "साहेबांकडे निघालेय, आत्ताच्या आत्ता. चौकशी लागो नाहीतर नोकरी जावो."

मला वाटलं, त्या माझी पाठ थोपटतील.

"आधी तिला विचारा," त्या म्हणाल्या.

"तिला काय विचारायचं त्यात? तिच्या भल्याचंच आहे."

"वही तुमची असली तरी बोलणं तिचं आहे. सगळ्यांसमोर वाचलं जाणार. तिला ते चालणार आहे का, तुम्हाला माहीत आहे?"

मी वही पर्समध्ये घातली, परत बाहेर काढली.

"तिला न विचारता तिचं भलं एकदा करून झालंय, ताई."

हळू बोलल्या, त्यामुळे एकही शब्द चुकवता आला नाही.

१४ मार्च

चष्मेवाली कक्षात आली. हल्ली ती उंबऱ्यावर खुर्ची ओढून बसते, अर्धी आत, अर्धी बोळात. मी सगळं सांगितलं. कडू औषध घ्यावं तसं एका दमात सांगून टाकणार होते, पण मध्ये तीनदा अडखळले.

बराच वेळ ती माझ्या चष्म्याकडे बघत राहिली.

"मी मान हलवली होती," ती म्हणाली.

"हो."

"वाचून दाखवलंत तेव्हा कळलं होतं मला, एक वेळ गेलीय. म्हटलं, शिकलेली बाई आहे, तिने लिहिलं म्हणजे तसंच असणार. नंतर कितीतरी महिने मलाच वाटायचं, एकदाच झालं की काय. दुसरी वेळ आपल्या डोक्यातच आहे की काय."

मी म्हटलं, "चुकलं माझं. माफ करा."

"माफीचं नंतर बघू." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वही वाचा. पण पोरीसमोर जे झालं ते वाचायचं नाही. ते मी त्या दिवशी बोलून गेले, माझी चूक झाली. पोरगी मोठी होईल, कागद तसाच राहील."

तसं काही मी टंकलं नव्हतं. पान सातवर आहे ते. तिथेही माझी तिरकी रेघ आहे, 'विषयांतर' म्हणून, हेही तिला सांगितलं. मी 'पण का?' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग सरकारी वकिलांना जाऊन सांगितलं, आणि फक्त चार आणि नऊ ही दोनच पानं वाचायची असा अर्ज त्यांनी केला. साहेब 'हं' म्हणाले. मंजूर.

२३ मार्च

आज मी साक्षीदार. एकतीस वर्षं त्या पिंजऱ्यासमोर बसून लिहिलं, आत कधी पाय टाकला नव्हता. आतून तो फार लहान आहे. माझ्या खुर्चीत बदलून आलेला टंकलेखक होता, सालस, सुवाच्य माणूस.

दोन पानं वाचली. आवाज बरा लागला. मग घड्याळ टेबलावर आलं.

"ही वही कपाटातून कधी काढलीत?"

"दहा... नाही, अकरा मार्चला."

"सकाळी की दुपारी?"

मला कपाटाच्या दाराची करकर आठवली. समासातली ती खूण आठवली. वेळ आठवेना. "दुपारी. म्हणजे, जेवणाआधी."

"आधी कुणाला सांगितलंत? समुपदेशकांना की साक्षीदाराला?"

"साक्षीदाराला. नाही, थांबा..."

"बाई, मी एकतीस वर्षांचं विचारत नाहीये. गेल्या बारा दिवसांचं विचारतोय."

लोक हसले. माझे शिपाईही हसले. मला कुणी मारलं नव्हतं, कोंडलं नव्हतं, डोक्यावर पंखा होता आणि समोर पाण्याचा ग्लास. तरी बारा दिवस मला ओळीने लावता येईनात. पाणी मागावं असं वाटलं आणि ते समोरच आहे हे ध्यानात आलं नाही.

दुपारी टंकलेखक माझी साक्ष सहीला घेऊन आला. वाचली. 'मी अकरा मार्च रोजी सकाळी वही काढली. बारा मार्च रोजी समुपदेशकांना सांगितले. चौदा मार्च रोजी साक्षीदारास कल्पना दिली.' तारखा सगळ्या अर्जातून घेतलेल्या, सगळ्या खऱ्या. यातलं एक अक्षरही मी बोलले नव्हते.

"नीट करून घेतलीय, बाई," तो आपुलकीने म्हणाला. "तुमच्या नावावर गोंधळ कशाला राहू द्यायचा? चौकशीत उपयोगी पडेल."

उपयोगी पडली असती, यात शंका नाही. पेन मी उघडलंही होतं. पण तेवढ्यात मला वाटलं, अरे, ही बाई किती हुशार आहे, हिला सगळं कसं ओळीने आठवतं! आणि ही कोण बाई, ते मला कळेना. मी कागद घेऊन साहेबांच्या दालनात गेले. दोन्हीकडचे वकील तिथेच होते.

"साहेब, मी बोलले तशी हवी. अडखळले तिथे अडखळलेली."

"त्यात तुम्ही गोंधळलेल्या दिसाल," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"गोंधळलेच होते, साहेब."

घड्याळवाले वकील खूश झाले. म्हणाले, आमची काहीच हरकत नाही. टंकलेखकाने पुन्हा टंकली. 'दहा, नाही अकरा.' 'दुपारी, म्हणजे जेवणाआधी.' 'साक्षीदाराला, नाही, थांबा.' वाचवत नव्हती. मी सही केली.

२५ मार्च

खुलासा मागवणारी नोटीस आली. घडलेल्या सर्व गोष्टी 'क्रमवार व मुद्देसूद' लिहून द्याव्यात, मुदत सात दिवस. हे म्हणाले, "तुझा तर हातखंडा आहे यात." मी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते पेपर घेऊन गच्चीत गेले.

१० एप्रिल

निकाल लागला. नवऱ्याला शिक्षा झाली. पाच वर्षं.

निकालपत्र एकोणीस पानांचं. 'हं' म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात इतकं असेल असं वाटलं नव्हतं. चौदाव्या पानावर म्हटलंय, की साक्षीदाराला क्रम आणि तारखा सांगता आल्या नाहीत, एवढ्यावरून घटना घडलीच नाही असं मानता येत नाही. या न्यायालयाच्या अनुभवी लघुलेखिकेलाही स्वतःच्या बारा दिवसांचा क्रम शपथेवर सांगता आला नाही, तरी तिच्या हातातली वही खरीच होती. नोंदीसाठी माझी साक्ष जशीच्या तशी उद्धृत केलीय, 'नाही, थांबा' सकट. माझी चौकशी चालू राहील, असं शेवटच्या पानावर आहे. राहू दे. ती व्हायलाच हवी.

नवऱ्याला नेलं तेव्हा चष्मेवाली कक्षात होती. मी जाऊन सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं, म्हणून रुमालांचा डबा पुढे केला. तिने तो बाजूला ठेवला.

"आता मी जाऊ शकते?"

"कधीही. तुम्हाला कुणी थांबवलेलं नाही."

ती उठली नाही. खुर्ची उंबऱ्यावरून थोडी आत घेतली. म्हणाली, "पोरीसमोर झालं ते तुम्ही विषयांतर म्हणून कापलं होतंत ना? ते मला कुणालातरी सांगायचंय. तुम्ही ऐकाल?"

मी हो म्हटलं आणि सवयीने पेन हातात घेतलं. तिने पेनाकडे बघितलं. मी ते बंद करून ठेवून दिलं.

मग ती बोलली. मधूनच सुरुवात केली, मागे गेली, तेच तीनदा सांगितलं, मध्ये गप्प बसली. सव्वा तास. मी एकदाही 'पुढे काय झालं' विचारलं नाही.

ती काय बोलली, ते इथे लिहायचं नाही.